हॉटेलचं हॉटेलात, घरचं घरात

गेल्या अंकात रविवारच्या नाश्त्याबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. निम्म्या पत्रांची तक्रार एकच : बाहेरच्यासारखं घरी होत नाही. उरलेल्यांची नेमकी उलटी : घरच्यासारखं बाहेर मिळत नाही. सदाशिव पेठेत मी बरीच वर्षं खानावळ चालवली, म्हणजे घरचं म्हणून बाहेरच्यांना वाढलं. तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार कळतं असं धरून उत्तरं देते. काही पत्रं लांबलचक होती, ती आटोपशीर केली आहेत.

काकू, मी घरी मिसळ करते. मटकी, फरसाण, कांदा, लिंबू सगळं असतं. पण हॉटेलसारखा लाल तवंग काही येत नाही. मुलगा पहिल्याच घासाला म्हणतो, 'आई, ही उसळ आहे.' कोणता मसाला वापरू?
— नाशिकरोडहून एक वाचक

मुलाची जीभ तयार आहे, त्याला रागावू नका. तो म्हणतो तेच खरं आहे, आणि मसाला बदलून त्यात फरक पडणार नाही.

आपण घरी मटकीची उसळ करतो, तीच थोडी पातळ करतो आणि वर फरसाण टाकतो. मिसळवाला मटकी एका पातेल्यात शिजवतो आणि कट दुसऱ्या पातेल्यात उकळतो. दोघांची गाठ पडते ती थेट तुमच्या ताटलीत. म्हणून मटकी चवीला साधी राहते, दाणा अख्खा राहतो, आणि झणझणीतपणा सगळा रश्श्यात असतो. कोल्हापुरात त्याला कट म्हणतात, पुण्यात सँपल, नागपूरकडे तर्री. नाव काहीही घ्या, पातेलं वेगळं हवं.

आता तवंग. लाल तिखटाचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तुम्ही बहुतेक रस्सा उकळायला लागल्यावर तिखट घालत असाल. तसं करू नका. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं खरपूस भाजा, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर बारीक वाटा आणि तेलात परता. वाटणाच्या कडेने तेल सुटायला लागलं की गॅस अगदी मंद करा, मग रंगाचं तिखट घाला, बेडगी किंवा काश्मिरी, आणि त्यावर कांदा-लसूण मसाला. तिखट करपलं तर रंग तपकिरी होतो आणि कट कडवटतो, म्हणून दोन-चार वेळा हलवलं की लगेच पाणी. हे पाणी कडकडीत गरम हवं. मटकी शिजवलेलं पाणी असेल तर उत्तम. मग बारीक आचेवर उकळत ठेवा आणि सारखी पळी फिरवू नका. तेल आपोआप वर येतं.

आणि तेल किती? इथेच सगळ्या घरच्या मिसळींची गाडी अडते. चार माणसांना पाऊण वाटी तरी लागेल. तुम्ही दोन चमचे घालत असणार, कारण घरात कुणाला तरी डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. दोन चमचे तेलात तवंग येत नाही, तो कोणालाच येत नाही.

माझं मत विचाराल, तर घरी उसळच करा. छान ओलं खोबरं, आमसूल, गुळाचा खडा घातलेली, आणि तिला उसळ म्हणूनच वाढा. मिसळीला नाशिकात जागांना तोटा आहे का? रविवारी सकाळी मळ्यातल्या मिसळीला सगळं घर घेऊन जा, पापड मोडा, दुसऱ्यांदा रस्सा मागा. कोल्हापूरला गेलात तर मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड समोर येईल, दचकू नका. तिथे तसंच खातात. पुण्यातल्या जुन्या ठिकाणीही स्लाइसच मिळतात, आणि कटाला गोडसर झाक असते. त्यावरून कोल्हापूरकर आम्हाला काय काय ऐकवतात ते इथे छापण्यासारखं नाही.

साबुदाण्याच्या खिचडीचा दर वेळी गोळा होतो. उपाय?
— रत्नागिरीहून

पाणी जास्त होतंय. साबुदाणा दोन-तीनदा धुऊन निथळा, जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवा आणि पाच-सहा तास विसरून जा. दाणा दोन बोटांत चिरडला की पूर्ण मोडला पाहिजे, मध्ये टणक कणी लागता कामा नये. दाण्याचं कूट, मीठ आणि चिमूटभर साखर आधीच साबुदाण्याला चोळून ठेवा. कढईत घातल्यावर एकच वाफ, तीही छोटी. झाकण ठेवून शेजारणीशी गप्पा मारायला गेलात तर गोळा ठरलेला.

मी चोपन्न वर्षांची आहे. यजमानांना बाहेरचं खाणं आवडत नाही, मुलगी परगावी. बँकेच्या कामाला बाहेर पडले की वाटतं, कुठेतरी बसून डोसा-कॉफी घ्यावी. दारापर्यंत जाते. आतून विचारतात, 'किती जण?' आणि मी 'पार्सल' म्हणून मोकळी होते. घरी येईपर्यंत डोशाचं कातडं झालेलं असतं. हे वेड्यासारखं आहे का?
— सोलापूरहून एक वाचक

वेड्यासारखं काही नाही. पण डोसा पार्सल नेणं हा मात्र डोशावर अन्याय आहे.

'किती जण' हा प्रश्न तुम्हाला टोचतो, कारण तुम्हाला तो 'एकट्याच का?' असा ऐकू येतो. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या डोक्यात तसलं काही नसतं. तो टेबलं मोजत असतो. चौघांच्या टेबलावर एकच माणूस बसला की तीन खुर्च्यांचा धंदा बुडाला, एवढाच त्याचा हिशोब. म्हणून तर एकट्या गिऱ्हाइकाला हात धुण्याच्या बेसिनजवळचं नाहीतर स्वयंपाकघराच्या दाराशी असलेलं टेबल मिळतं. ते घेऊ नका. 'मला तिकडे खिडकीपाशी बसायचंय' असं सरळ म्हणा आणि चालू लागा. वाढपी तुमच्यामागे येतो.

वेळ निवडा. सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी चारला. नाश्त्याची गर्दी ओसरलेली असते, जेवणाची सुरू व्हायची असते, आणि मालकालाही टेबल रिकामं ठेवण्यापेक्षा तुम्ही बसलेल्या बऱ्या. भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून बसा, कोण आपल्याकडे बघतंय ही धाकधूक अर्धी होते. (बघत कोणीच नसतं. सगळे आपापल्या मोबाइलात असतात.) मेन्यूकार्ड वाचत बसू नका. बसता बसताच सांगा : एक साधा डोसा, कडक, आणि नंतर कॉफी. 'नंतर' हा शब्द महत्त्वाचा आहे, नाहीतर दोन्ही एकदम येतं आणि कॉफी गार होते.

गर्दीच्या वेळी जावं लागलंच तर टेबल वाटून घ्यायला लाजू नका. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणावडा खायला जाऊन बघा, अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून बसण्यात कुणाला काही वाटत नाही. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक 1935पासून आहे. तिथे बनमस्का आणि चहा घेऊन एकटी बसलेली माणसं कायम दिसतात, त्यांत आता बायकाही पुष्कळ असतात. गोव्यात पणजीला कॅफे टाटो किंवा कॅफे भोसलेत सकाळची पातळ भाजी आणि पाव खायला जी गर्दी होते, तिच्यात तर तुम्ही एकट्या की दुकट्या हे बघायला कुणाला सवडच नसते. शेजारचा माणूस फार तर पाण्याचा जग पुढे सरकवेल.

आणि काही ठिकाणी अजून 'फॅमिली रूम'ची पाटी असते. बाई दिसली की वाढपी तिकडे बोट दाखवतो. तिथला पंखा बहुधा कुरकुरतो आणि ऑर्डर घ्यायला कुणी फिरकत नाही. बाहेरच बसा.

मी म्युनिकला राहतो. इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ आणतो, भाकरी थापताना कडा चिरतात, उचलली की तुकडे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती नुसती हसते. इथे घरगुती धान्यचक्की मिळते, ती घ्यावी का?
— म्युनिकहून

घ्या. आईला विचारा, ती कशाला हसतेय. तिला एका नजरेत कळलं असणार की पीठ विरी गेलंय, म्हणजे जुनं होऊन त्याची धरण्याची ताकद गेलीय.

ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेनचा चिकटपणा नसतो, त्यामुळे तिला धरून ठेवायला काही लागतं. ताजं पीठ बऱ्यापैकी धरतं. दळून महिनोन् महिने झालेलं, पाकिटात बसून समुद्र ओलांडलेलं पीठ धरत नाही, आणि चवीलाही जरा कडवट लागतं. चक्की घेतलीत तर अख्खी ज्वारी आणा आणि आठवड्यापुरतीच दळा. निवड असेल तर रब्बीची, शाळूची घ्या. आमच्या भागात मालदांडीचं नाव निघालं की माणसं भाकरीबद्दल हळवी होतात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्युनिकला ती मिळेल अशी माझी अपेक्षा नाही.

चक्की येईपर्यंत उकड काढा. एक वाटी पाण्याला चांगली उकळी आणा, मीठ घाला, एक वाटी पीठ टाकून ढवळा आणि झाकून दहा मिनिटं सोडून द्या. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. मग परातीत घेऊन मळा, आणि मळायचं म्हणजे तळहाताच्या टाचेने रगडायचं. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरतं घ्या, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत रगडा, कडेला चीर दिसली तर पाण्याचा हात लावून पुन्हा रगडा. ही मेहनत टाळून पुढे काही जमत नाही.

थापताना खाली कोरडं पीठ, हात हलका, भाकरी फिरती. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाणी फिरवा. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा, सुकल्यावर उलटलीत तर पापुद्रा तडकतो. दुसरी बाजू नीट भाजू द्या, डाग पडू द्या. मग खरं तर विस्तवावर टाकायची. तुमच्याकडे विजेची शेगडी असेल, तर पुन्हा उलटून तव्यावरच फडक्याने कडा दाबत जा, फुगते. पिठलं त्याआधी करून ठेवा, भाकरीने थांबायचं नसतं.

जाता जाता, सुट्टीत आलात तर सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन घ्या. घरी पिठलं ह्याहून चांगलं होतं असं तुमची आई म्हणेल. होतही असेल. पण गड चढून आल्यावरची भूक तिला ओट्यापाशी आणता येत नाही.

आमचे हे म्हणतात वरण-भात हे आजारी माणसाचं जेवण. आठवड्यात चार दिवस मोबाइलवरून बिर्याणी नाहीतर पनीर मागवतात. मी रागावले की म्हणतात, तू एवढं सुग्रण असल्यासारखं वरण काय करतेस. काय करू?
— डोंबिवलीहून

सगळ्यात आधी वरण चाखून बघा. रागावू नका, पण कुकरमधून काढून मीठ-हळद ढवळलेल्या डाळीला वरण म्हणत असाल तर त्यांची बाजू अगदीच खोटी नाही.

तुरीची डाळ अर्धा तास भिजवून, हळद-हिंग घालून शिजवा. गरम असतानाच रवीने घोटा, दाणा दिसता कामा नये. मग मीठ, सुपारीएवढा गूळ आणि एक उकळी. घट्टच ठेवा. तांदूळ आंबेमोहर घ्या. बाजारात ह्या नावाखाली दुसराच आखूड तांदूळही विकतात, म्हणून आधी किलोभर आणा, शिजताना घरात वास सुटला तरच पुन्हा त्या दुकानात जा. वर साजूक तूप, आणि लिंबाची फोड ताटात. कापून ठेवलेली नको, त्या वेळी कापलेली.

आता 'ह्यां'चं. आमच्या खानावळीत रविवारी दुपारी फीस्ट असायची, पुरी-श्रीखंड वगैरे, आणि संध्याकाळी बंद. मेंबर मुलं त्या रात्री गावभर काय काय चापून यायची. सोमवारी दुपारी पहिल्यांदा संपायचा तो भात. पोळ्या उरायच्या, भाजी उरायची, वरणाचं पातेलं खरवडून जायचं. फीस्टला खाडा टाकणारी मुलंसुद्धा सोमवार चुकवत नसत. तेव्हा भांडू नका. ते चार दिवस बिर्याणी खाऊ देत, पाचव्या दिवशी काही न बोलता हे पान वाढा. आणि 'सुग्रण असल्यासारखं' हे वाक्य लक्षात ठेवा. एका रविवारी कुकर त्यांच्या हातात द्या.

काकू, मी कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहतो, सकाळी त्याचा फोडणीचा भात करून डब्यात नेते. घरी आईही असंच करायची. रूममेट म्हणते हे धोक्याचं आहे. खरंय का?

तुझी रूममेट बरोबर आहे गं. बॅसिलस सेरियस नावाचा एक जंतू तांदळात असतो, त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की तो वाढतो आणि विष तयार करतो, ते फोडणीच्या आचेने जात नाही. मग उलट्या. भात उरला की तास-दीड तासात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेव. रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर टाकून दे, जिवावर आलं तरी.

फ्रीजमधल्या भाताचा मात्र फोडणीचा भात ताज्याहून चांगला होतो, कारण शीत मोकळं झालेलं असतं. हाताने मोड, त्यातच मीठ, साखर आणि हळद चोळ. तेल नेहमीपेक्षा पळीभर जास्त घे, मोहरी तडतडू दे, हिंग, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे लाल होईपर्यंत, मग कांदा. भात घालून चांगला वाफाळेपर्यंत परत, तळाला थोडा लागू दे. ती खरपुडी सगळ्यांत वाटायची की ज्याने केलं त्याने खायची, हे तुम्ही चौघी आधीच ठरवून टाका. आमच्याकडे त्यावरून भांडणं झालेली आहेत.