बाराबूजवळ पहिलं कॅम्पिंग : मुक्काम मिरर लेकला, फिरणं डेव्हिल्स लेकला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळ राहणारी दोन कुटुंबं, मुलं लहान, सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा. जुलैत विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावाजवळ दोन-तीन रात्री तंबूत काढायच्या आहेत. सगळे डेव्हिल्स लेक सुचवताहेत, तर तिथे कुठली साइट घ्यावी?

मी या भागात बरीच वर्षं कॅम्पिंग करतेय आणि माझं मत थोडं वेगळं आहे. डेव्हिल्स लेक बघायलाच हवं, पण तुमच्यासारख्या मंडळींनी मुक्काम मिरर लेक स्टेट पार्कमध्ये करावा. दोन्ही पार्क एकमेकांपासून गाडीने फार तर अर्ध्या तासावर आहेत.

डेव्हिल्स लेक हे विस्कॉन्सिनमधलं सर्वात गर्दीचं स्टेट पार्क, आणि ती गर्दी उगाच नाही. दोन्ही बाजूंना जांभळट-गुलाबी क्वार्टझाइटचे सुमारे ५०० फूट उंच कडे आणि मधे तळं. ही नदीची जुनी घळ होती. हिमयुगात हिमनदीने आणलेल्या दगडमातीच्या बांधांनी तिची दोन्ही टोकं बुजवली आणि मधे पाणी अडलं. इथल्या मूळनिवासी हो-चंक लोकांसाठी ही जागा पवित्र आहे. त्यांच्या पूर्वजांनी प्राण्यापक्ष्यांच्या आकारात रचलेले मातीचे उंचवटे आजही पार्कात आहेत. त्यांच्यावर चढू नका आणि मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

आता तिथल्या कॅम्पग्राउंडबद्दल. तिथे तीन आहेत. त्यातलं ‘क्वार्टझाइट’ नावाचं तळ्याच्या सगळ्यात जवळ, पण तिथे पूर्वी गोल्फचं मैदान होतं, त्यामुळे मोकळं रान. जुलैच्या दुपारी तंबूत बसवत नाही आणि शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय तेही दिसतं. मोठ्या आरव्हीवाल्यांना, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या घेऊन येणाऱ्यांना, ते सोयीचं. नॉर्दर्न लाइट्सला झाडी बरी आहे आणि विजेच्या साइट्सही आहेत. आइस एज सगळ्यात मोठं, चांगलं झाडीतलं, पण तळ्यापासून लांब, आणि लहान मुलांना घेऊन उन्हात ते अंतर चालणं जिवावर येतं. शिवाय तळ्याच्या पूर्व काठाने रेल्वेचा रूळ जातो. रात्री मालगाडी आली की तिचा भोंगा कड्यांवर आपटून घुमतो. मला तो आवडतो, पण ज्यांची झोप सावध त्यांचं काही खरं नाही.

मिरर लेक लहान आणि शांत आहे. पाइनची सावली, वालुकाश्माचे बुटके कडे, आणि तळ्यावर मोटरबोटींना वेगाने जायला मनाई, त्यामुळे पाणी खरंच आरशासारखं राहतं. मुलांना पहिल्यांदा कयाकमध्ये बसवायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही. इथला एक उणेपणा म्हणजे इंटरस्टेट महामार्ग जवळ आहे. बुकिंग करताना नकाशावर हायवे कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि त्यापासून जितकं आत जाता येईल तितकं जा.

साइट निवडताना नकाशा आणि फोटो दोन्ही नीट बघा, याच कामाला खरा वेळ द्या. स्वच्छतागृह दीड-दोन मिनिटांच्या चालीवर असावं, पण अगदी शेजारची साइट घेऊ नका. रात्रभर दाराचा आवाज, दिव्याचा झोत आणि टॉर्च घेतलेली माणसं येत-जात राहतात. आई-बाबांपैकी कुणाला झोपेत श्वासाचं मशीन लागत असेल तर विजेचीच साइट घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर भीड न ठेवता त्यांच्यासाठी बाराबूत मोटेल घ्या. दिवसभर ते तुमच्यासोबत शेकोटीपाशी असतील आणि रात्री पलंगावर झोपतील. जमिनीवरून उठता येत नाही म्हणून सगळी सहल कण्हत घालवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. आणखी एक: कुटुंब नसलेल्या गटाला एका साइटवर ६ जणांचीच मुभा असते, म्हणून तुम्ही दोन शेजारच्या साइट्स घ्या. एक स्वयंपाकाची, एक झोपायची, अशी वाटणी केली की मुलं झोपल्यावर मोठ्यांना गप्पाही मारता येतात. फक्त रात्री ११ नंतर आवाज नको. तो नियम पाळला जातो आणि पाळायलाच हवा.

पोचल्यावर लगेच तंबू ठोकू नका. आधी साइटवर उभं राहून पाणी कुठून कुठे वाहील ते बघा. मातीत बारीक ओहोळ पडलेले असतात, पाइनच्या सुया एका बाजूला ढकलल्या गेलेल्या असतात, तेवढ्यावरून कळतं. तंबू त्या वाटेच्या वरच्या अंगाला लावा. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पाऊस तीच गोळा करून तुमच्या अंथरुणाखाली आणते. मग मान वर करून वाळक्या फांद्या बघा. जुलैतली इथली वादळं थट्टेची नसतात, वारा आला की अशा फांद्या खाली येतात. वादळाचा इशारा मिळाला तर तंबूत थांबू नका, पक्क्या बांधकामाच्या स्नानगृहात जा. ती इमारत कुठे आहे हे पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना दाखवून ठेवा.

लाकडं घरून आणू नका. स्टेट पार्कमध्ये १० मैलांच्या आतलं किंवा राज्याने प्रमाणित केलेलंच जळाऊ लाकूड चालतं. एमराल्ड ॲश बोरर नावाच्या किड्याने इथली ॲशची झाडं पोखरून मारली आहेत आणि तो पसरतो तो बऱ्याचदा अशा लाकडांतूनच.

गोचिडी आहेत आणि त्यातल्या काही लाइम रोग पसरवतात. रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मुलांच्या काखा, कानामागे आणि केसांत बोटं फिरवून बघा. खाण्याचं सगळं रात्री गाडीत. रकून हे रात्री फिरणारे प्राणी कूलरचं झाकण सहज उघडतात.

स्वयंपाक सुटसुटीत ठेवा. दोन बर्नरची प्रोपेन शेगडी, एक बिडाचा तवा, घरून केलेली भाजणी आणि मेतकूट. सकाळी थालीपीठ, रात्री मऊ भात. किराणा वाटेतल्या मॅडिसन शहरातच भरून घ्या, पुढे कोथिंबीर-मिरचीची खात्री नाही. जुलैच्या अखेरीस रस्त्याकडेला शेतकरी मक्याची कणसं विकायला ठेवतात. ती सालासकट निखाऱ्यात सरकवा, दर दोन-तीन मिनिटांनी फिरवा, बाहेरची साल काळी पडली की काढा. आतले दाणे वाफेवर शिजलेले असतात. मग साल मागे ओढून तिचाच दांडा करायचा, दाणे क्षणभर आचेवर धरायचे आणि लिंबू, तिखट, मीठ चोळायचं. आई-बाबांना हे सगळ्यात आवडेल, लिहून ठेवा.

डेव्हिल्स लेकला एक सकाळ द्या, आणि आठच्या आत पोचा. वीकेंडला वाहनतळ लवकर भरतो. आई-बाबांसाठी पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्स ही वाट. जवळपास सपाट आहे आणि कड्यावरून कोसळलेल्या प्रचंड शिळांमधून जाते. पूर्वेच्या कड्यावरच्या पायऱ्या उंच आणि ओबडधोबड आहेत, वर कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका.

एक दुपार इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनसाठी राखा. १९७३ मध्ये घोड्यांच्या फार्मवर सुरू झालेली ही संस्था बाराबूच्या अगदी बाहेर आहे आणि जगातल्या १५ही जातींचे क्रौंच तिथे आहेत. त्यात आपला सारसही आहे. महाराष्ट्रात तो आता गोंदिया-भंडारा भागातच उरलाय, तोही मोजका, त्यामुळे आई-बाबांनी पुण्यात राहून तो पाहिला असण्याची शक्यता कमीच. माणसाच्या उंचीचा तो पक्षी मान वर करून ओरडतो आणि जोडीदार त्यात सूर मिसळतो, ते समोर उभं राहून ऐका. मुलांना बाराबूतलं सर्कस वर्ल्ड हे सर्कशीचं संग्रहालयही आवडेल. रिंगलिंग बंधूंनी १८८४ मध्ये आपली सर्कस याच गावातून सुरू केली. जवळच्या विस्कॉन्सिन डेल्स गावातल्या वॉटरपार्कची तिकिटं मात्र यावेळी काढू नका. तिथे गेलात की पूर्ण दिवस जातो आणि तंबू नुसता सामान ठेवायला उरतो.

बुकिंग ११ महिने आधी उघडतं, म्हणून जुलैचे शुक्रवार-शनिवार बहुतेक गेलेले असतील. रविवार ते बुधवार बघा, लगतच्या दोन साइट्स त्याच दिवसांत मिळतात. नाहीच मिळाल्या तर रद्द झालेल्या साइट्ससाठी रोज सकाळी एकदा नजर टाका. आणि आई-बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या. डास कमी, दुपार सुखाची, फक्त रात्रीसाठी जाड पांघरुणं लागतील. तारखा नक्की झाल्या की साइटचे नंबर इथे टाका, नकाशावर बघून सांगते.