वाचकांचे प्रश्न : ८४,००० किलोमीटर धावलेली टूरिंग मोटरसायकल घ्यावी का?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटरसायकल घ्यायचे ठरवले असून सध्या दोन गाड्या नजरेत आहेत. दोन्ही बजाजच्या डॉमिनार ४००, दोन्ही २०१९ सालच्या आणि दोन्ही एमएच-१२ पासिंगच्या. पहिली ८४,००० किलोमीटर चाललेली आहे. मालकाने ती लडाख, स्पिती आणि असंख्य वेळा कोकणात नेलेली आहे. दुसरी ३१,००० किलोमीटर चाललेली असून हडपसर ते हिंजवडी अशी रोज ऑफिसला जात-येत होती. पहिली स्वस्त पडते आहे, पण घरचे आणि आमच्या ओळखीचे मिस्त्री दोघेही म्हणतात की कमी चाललेलीच घ्या. आपले मत काय?

उत्तर : मीटरवरचा आकडा गाडी किती अंतर गेली एवढेच सांगतो, ती किती वेळ राबली हे सांगत नाही, आणि इंजिनाची झीज मोजायची तर वेळ अधिक महत्त्वाचा असतो. आपल्याच दोन गाड्यांचा हिशेब करून पाहा. घाट, चहाचे थांबे आणि गावातली गर्दी धरूनही लांबच्या प्रवासात ताशी ५६ किलोमीटरची सरासरी पडते असे समजले, तर ८४,००० किलोमीटरला १,५०० तास लागतात. हडपसरहून मगरपट्टा, पुणे स्टेशन, विद्यापीठ चौक असे करत हिंजवडी गाठणाऱ्याला ताशी २० ची सरासरी मिळाली तरी तो स्वतःला नशीबवान समजतो. त्या हिशेबाने ३१,००० किलोमीटर म्हणजे १,५५० तास. म्हणजे ‘कमी चाललेल्या’ गाडीचे इंजिन प्रत्यक्षात ५० तास जास्तच चालले आहे, आणि तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, रेडिएटरचा पंखा सतत फिरत असताना. शिवाय रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा थंड इंजिन चालू झाले ते वेगळेच. ऑइल सगळीकडे पोहोचण्यापूर्वीच्या त्या पहिल्या काही क्षणांत पिस्टन, रिंग आणि कॅमची जी झीज होते, ती टूरवर दिवसातून एकदा चालू होऊन तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीत अंतराच्या मानाने फार कमी असते.

याचा अर्थ पहिली गाडी डोळे मिटून घ्यावी असा मात्र नाही. लडाख आणि स्पितीच्या वाऱ्या ऐकायला छान वाटतात, पण त्यांची किंमत इंजिनाबाहेरचे भाग मोजतात. पाण्याचे ओढे ओलांडताना चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस धुतले जाते, बारीक धूळ एअर फिल्टरवर थर धरते, आणि दोन्ही बाजूंना पॅनिअर (सामानाच्या पेट्या), मागे पेटी आणि वर एक माणूस असे ओझे खड्ड्यांतून नेल्यावर मागच्या फ्रेमच्या जोडांवर, कॅरिअरच्या नटबोल्टांपाशी, केसासारख्या चिरा पडू शकतात. सीट काढून तिथे टॉर्च मारून पाहावे. रंग फुगलेला किंवा वेल्डिंगवर नवा काळा स्प्रे मारलेला दिसला तर विचारावे. जादा दिवे आणि मोबाइल चार्जर यांच्यासाठी वायरिंग कुठे कापले आहे हेही तेव्हाच दिसते. नुसती टेप गुंडाळलेले जोड पावसाळ्यात हटकून त्रास देतात. माझी स्वतःची एक जुनी गाडी, जी मी तिचे चकचकीत रूप पाहून घेतली होती, वरंध घाटात मागच्या चाकाचे बेअरिंग जाऊन बसली होती. टेम्पोत घालून ती भोरला आणताना चालक विचारत होता की गाडी नवीच आहे का.

प्रत्यक्ष पाहणीला सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आपण येईपर्यंत गाडी चालू करू नये. पोहोचल्यावर गप्पांपूर्वी इंजिनाच्या कव्हरला हाताची मागची बाजू लावून पाहा. ते कोमट लागले, तर थंड इंजिनाचा आवाज आपल्या कानावर पडू नये अशी कुणाची तरी इच्छा होती असे समजायला हरकत नाही. चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत टायमिंग चेनचा खडखडाट होऊन तो थांबला तर ती चेन ताणून धरणारा टेन्शनर तपासायचा, एवढेच. वरून येणारी टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) एकसारखी टिकटिक सोसण्यासारखी असते. मात्र खालून, क्रँकच्या बाजूने, थ्रॉटल दिल्यावर जड ठोके ऐकू आले तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. सायलेन्सरमधून सकाळी निघणारी पांढरट वाफ थोड्या वेळात विरते. ती विरली नाही आणि कूलंटची टाकीही उतरलेली असली, तर हेड गॅस्केटबद्दल (सिलिंडर आणि हेड यांच्यामधल्या सीलबद्दल) शंका घ्यावी.

मग गाडी सेंटर स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घेऊन चेन पाहावी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन दोन बोटांनी धरून बाहेर ओढावी. ती दातांवर घट्ट बसून राहिली तर ठीक, निम्मा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलायला झाला आहे. पुढचे चाक उचलून हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे. मधोमध येताच ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) गेला आहे आणि ताशी ९० च्या वेगाला गाडी रस्त्यावर डुलणार. त्याच वेळी फ्रेमच्या गळ्यावर हँडल जिथे टेकते तो थांबा दोन्ही बाजूंनी पाहावा. एका बाजूला तो चेपलेला असेल तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे, मग नवे इंडिकेटर आणि नवी क्रॅश गार्ड काहीही सांगोत. डिस्कच्या कडेवरून नख फिरवले की झिजलेल्या भागाची कड लागते. किती जाडीखाली डिस्क वापरू नये हे तिच्यावरच कोरलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी तो टायर आता टूरला नेण्याच्या लायकीचा नाही.

चावी फिरवली की एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे सरकताच तो विझला पाहिजे. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळते, पण तो मुळात लागतच नसेल तर बहुतेक जण खूश होतात, आणि तिथेच फसतात, कारण बिघाड झाकण्यासाठी दिवाच बंद केलेला असू शकतो. इंजिन तपासणीच्या दिव्यालाही हाच नियम. बॅटरीवर मल्टिमीटर लावून पाहणे दोन मिनिटांचे काम आहे: बंद गाडीला साडेबारा व्होल्टच्या थोडे वर आणि इंजिन चार हजार फेऱ्यांवर असताना साधारण चौदा. त्याहून बरेच कमी किंवा पंधराच्या पुढे दिसले, तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) यांचा खर्च धरून चाला.

चालवून पाहण्यासाठी सोसायटीभोवतीची चक्कर निरुपयोगी आहे. मालकाला मागे बसवून किंवा आपल्या मित्राला दुसऱ्या गाडीवर मागे ठेवून स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रजला जा. स्वारगेटच्या सिग्नलला पंखा सुरू होतो का आणि तापमान पुन्हा खाली येते का, हे तिथे आपोआप कळेल. जुन्या घाटात चढताना एक गिअर वरचा ठेवून थ्रॉटल पूर्ण द्या. फेऱ्या वाढतात पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही असे वाटले तर क्लच प्लेट घसरते आहे. चढावर निळा धूर सतत येत असेल तर रिंग झिजल्या आहेत. बोगद्यापासून परत उतरताना थ्रॉटल बंद ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये खाली या आणि सपाटीला लागताच उघडा. त्या क्षणी मागच्या मित्राला निळा भपका दिसला आणि मग तो थांबला, तर दोष व्हॉल्व्ह सीलचा आहे. तो रिंगांच्या मानाने बराच स्वस्त असतो.

एवढ्यावर गाडी पास झाली तर एक खर्च जरूर करा. चांगल्या गॅरेजमध्ये लीक-डाउन चाचणी करून घ्या. अनेक मिस्त्री साधे कम्प्रेशन गेज लावतात, पण ज्या इंजिनात चालू करणे सोपे जावे म्हणून कॅमवर डीकम्प्रेसर बसवलेला असतो, तिथे धडधाकट इंजिनही गेजवर कमी आकडा दाखवते आणि गिऱ्हाईक घाबरते. लीक-डाउनमध्ये पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निसटते हे कान लावून ऐकतात: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर बॉक्समधून आली तर इनटेक, ऑइल भरण्याच्या झाकणातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. गळती दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर ८४,००० चा आकडा विसरून जावा. वीसच्या वर असेल तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. पहिल्या मालकाकडे प्रत्येक सर्व्हिसची, त्या वेळच्या किलोमीटरची नोंद असलेली बिले असतील, ऑइल वेळच्या वेळी बदलल्याचे आणि टॅपेटची फट तपासल्याचे त्यांतून दिसत असेल, तर मी तीच गाडी घेईन. टूर करणारी माणसे पुष्कळदा असली फाइल जपून ठेवतात, कारण रस्त्यात अडकण्याची भीती त्यांना खरोखर असते. ऑफिसला जाणारा पुढच्या शनिवारी बघू म्हणत तीन महिने ढकलतो. गाडी चाकणलाच तयार होत असल्याने सुटे भाग नाना पेठेत मिळतात, ही सोय दोन्ही गाड्यांना सारखीच. फाइल नसेल, तर मात्र मिस्त्रींचे ऐका किंवा तिसरी गाडी शोधा.

प्रश्न : मला आवडलेली ६८,००० किलोमीटरची गाडी विकणारे गृहस्थ सांगतात की नुकतेच इंजिनकाम करून नवा बोअर-किट (सिलिंडर, पिस्टन आणि रिंग) टाकला आहे, आता काळजी नाही. हे चांगलेच ना? — एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : ताई, मला हे ऐकून समाधानापेक्षा शंका अधिक वाटते. नीट जपलेले आधुनिक सिंगल-सिलिंडर इंजिन ६८,००० ला उघडावे लागू नये. ते उघडावे लागले, तर पहिला प्रश्न ‘का’ हा आहे. ऑइल कमी पडून इंजिन जॅम झाले असेल, तर बोअर-किट नवा आणि खाली क्रँकचे बेअरिंग तेच, अशी परिस्थिती असू शकते, आणि तो दोष आणखी काही हजार किलोमीटरनंतर आपल्या नशिबी येतो. जुना पिस्टन आणि बोअर दाखवायला सांगा. ज्याने प्रामाणिकपणे काम करून घेतले आहे, त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात तो डबा बहुधा पडलेलाच असतो. पिस्टनच्या बाजूवर उभे खोल ओरखडे दिसले तर ते जॅम झाल्याचे चिन्ह. बिलात भागांचे क्रमांक आहेत का, मूळ कंपनीचे भाग आहेत की नुसते ‘किट’ असे लिहिले आहे, आणि कामानंतर गाडी किती चालली, हेही पाहा. दोन-तीन हजार किलोमीटर नीट रनिंग-इन होऊन मगच विकायला काढली असेल, तर तिच्यावर थोडा विश्वास टाकता येतो.

प्रश्न : मीटर मागे फिरवला आहे का, हे घरच्या घरी ओळखता येईल का? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : डिजिटल मीटरही बदलला जाऊ शकतो. १८,००० किलोमीटरच्या गाडीला ब्रेकच्या पेडलवरची नक्षी गुळगुळीत नसते, फूटरेस्टचे रबर फाटलेले नसते आणि चावीच्या भोकाभोवती घासून पितळी रंग उघडा पडलेला नसतो. पण हे सगळे तर्क झाले. मालकाच्या संमतीने अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या चॅसी क्रमांकावरून जुन्या नोंदी काढून घ्या. मागच्या वर्षी ४१,००० आणि आज १८,००० असे निघाले तर बोलणेच संपले. मालक संमती देत नसेल, तरीही.

प्रश्न : कागदपत्रांत काय पाहावे? — तेच वाचक

उत्तर : आरसीवरचा चॅसी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी प्रत्यक्ष ताडून पाहा, आपण कितवे मालक होणार ते पाहा आणि थकलेली ई-चलने विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही बघा. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज लागतात. गाडी विकल्याची माहिती विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर तोंडी ‘फिटले आहे’ यावर जाऊ नका. बँकेचा दाखला आणि ३५ क्रमांकाचा अर्ज हातात आल्यावरच टोकन द्या.