सब्जेक्ट म्हणजे कर्ता नव्हे

प्रश्न असा आलाय: मुलीला गृहपाठात 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉईज' हे वाक्य होतं, तिने सब्जेक्ट म्हणून 'द बॉईज' लिहिलं, त्यावर लाल फुली आली. काच फोडली पोरांनी, मग सब्जेक्ट काच कशी? आणि प्रेडिकेट म्हणजे क्रियापदच ना?

फुली बरोबर आहे, पण चूक मुलीची नाही. आमच्या बाईंनीपण फळ्यावर 'सब्जेक्ट = कर्ता' असंच लिहून दिलं होतं आणि ते डोक्यातून जायला मला कॉलेज उजाडलं. कर्ता म्हणजे काम करणारा, पाणिनीच्या भाषेत क्रियेत जो स्वतंत्र तो. हा अर्थाचा मामला झाला. सब्जेक्टला आपल्याकडे खरा शब्द आहे उद्देश्य, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचंय ते, आणि त्याच्याबद्दल जे बोललं ते सगळं विधेय. (विधान, विधेय, विधानसभेतलं विधेयक ही सगळी एकाच घरची.) शाळेत वाक्यपृथक्करण केलं असेल तर उद्देश्यविभाग-विधेयविभाग आठवेल, तेच हे. त्यामुळे प्रेडिकेट म्हणजे नुसतं 'वॉज ब्रोकन' नाही, 'वॉज ब्रोकन बाय द बॉईज' एवढं सगळं.

गोंधळ का होतो ते बघा. आपण म्हणतो 'मुलांनी काच फोडली', 'मुलांनी काचा फोडल्या'. क्रियापद मुलांना विचारतसुद्धा नाही, ते काचेच्या मागे जातं. कर्मणी प्रयोग. 'मला चहा आवडतो' मध्येही क्रियापद चहाचं ऐकतं, पण इंग्रजीत तोच मी 'आय' होऊन सब्जेक्टच्या खुर्चीत बसतो. इंग्रजीत ही खुर्ची एकच, आणि क्रियापदाने ऐकायचं ते तिच्यावर बसलेल्याचं, मग तो काही करो न करो. एक काच असेल तर 'वॉज', चार असतील तर 'वेअर', पोरं किती का असेनात.

आणि ही खुर्ची रिकामी ठेवलेली चालत नाही. आपण नुसतं 'उजाडलं' म्हणून मोकळे होतो, कोण उजाडलं असं कोणी विचारत नाही. इंग्रजीत पाऊस पडायलासुद्धा 'इट इज रेनिंग' असा एक डमी 'इट' आणून बसवावा लागतो. 'सिट डाउन' सारख्या हुकमात तेवढी सूट, तिथे 'यू' गुपचूप असतो.

आता सगळ्यात जास्त मार्क जातात ती जागा. 'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी' असं चांगली शिकलेली माणसंही लिहितात. आपण मार्केट यार्डात 'आंब्यांची पेटी जड आहे' म्हणतो तेव्हा चुकत नाही, कारण मराठीत 'आंब्यांची' आधी येतं आणि मुख्य शब्द पेटी क्रियापदाच्या बाजूला पडतो. इंग्रजीत 'ऑफ मँगोज' हे शेपूट मागून लागतं, त्यामुळे क्रियापदाच्या शेजारी आंबे येऊन उभे राहतात आणि आपण शेजाऱ्याकडे बघून 'आर' लिहितो. जड पेटी आहे, म्हणून 'इज'.

सब्जेक्ट कुठे संपतो ते कळत नसेल तर मुलीला वाक्याचा हो-नाही प्रश्न करायला सांगा. 'द ओल्ड मॅन ॲट द स्वारगेट बस स्टॉप इज वेटिंग' घ्या. प्रश्न करताना 'इज' उडी मारून पुढे येतो: 'इज द ओल्ड मॅन ॲट द स्वारगेट बस स्टॉप वेटिंग?' ज्याच्यावरून उडी मारली तो अख्खा तुकडा सब्जेक्ट, नुसता 'मॅन' नाही. त्या जागी 'ही' टाकून बघा, वाक्य बसतं. 'इज', 'वॉज', 'हॅज', 'कॅन' असलं काही नसेल तर 'डू-डज-डिड' मधलं योग्य ते आणून प्रश्न करायचा.

एकच जागा फसवी, 'देअर आर टू बसेस'. इथे उडी 'देअर' वरूनच पडते म्हणून पोरं तोच सब्जेक्ट लिहितात, पण शाळेच्या व्याकरणात उत्तर 'टू बसेस', 'आर' त्यांच्यामुळेच आलाय. 'हिअर कम्स द बस' मध्येही बसच सब्जेक्ट, फक्त पुण्यातल्या बससारखी उशिरा येते.