दहा वर्षांच्या मुलीला मागची कोलांटी मारायची भीती वाटते. ती सुरक्षितपणे कशी शिकवावी?

आपण वडोदऱ्याहून लिहिता की मुलगी पुढची कोलांटी सहज मारते, पण मागे जाताना मध्येच थांबते. ही भीती रास्त आहे, कारण मागची दिशा दिसत नाही आणि हात वेळेवर टेकले नाहीत तर सगळा भार मानेवर येतो.

म्हणून आधी केवळ पाळणा करून घ्यावा: उकिडवे बसून, हनुवटी छातीला लावून, पाठ गोल ठेवून मागे-पुढे झुलायचे आणि प्रत्येक वेळी तळवे कानांजवळ, बोटे खांद्यांकडे वळवून, जमिनीला पूर्ण टेकवायचे. हात आपोआप जागेवर पडू लागले की उतरत्या, घट्ट मॅटवर पूर्ण कोलांटी घ्यावी. उतारामुळे गती मिळते व मानेवरचा ताण कमी होतो. घरातली मऊ गादी मात्र टाळावी, कारण तीत हात रुततात. गच्चीची फरशी तर नकोच.

वडोदऱ्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या व्यायामशाळांची जुनी परंपरा आहे. जवळच्या एखाद्या व्यायामशाळेत प्रशिक्षकाच्या हाताखाली सुरुवात करणे मला घरच्या प्रयोगांपेक्षा केव्हाही योग्य वाटते.

“घाबरतेस काय” असे कृपया म्हणू नका. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्ससारख्या विजेतीनेही हवेतले भान हरपत असल्याने बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली होती. मुलगी थांबली तर एक पायरी मागे येऊन पुन्हा पाळण्यापासून सुरू करावे, आणि मान किंवा मनगट दुखत असल्यास त्या दिवशी सराव बंद ठेवावा.