जॅझ फिंगरस्टाईल (पिक न घेता बोटांनी वाजवायची) गिटार शिकायला सुरुवात कुठून करू? आणि फ्यूजन, म्हणजे जॅझमध्ये रॉक वगैरे मिसळलेलं संगीत, मला नुसता गोंगाट का वाटतो?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं पिकने हिंदी गाणी वाजवताय, बारे कॉर्डही बसलेत, पण जॅझचा व्हिडिओ लावला की पहिल्याच मिनिटाला थिअरी सुरू होते आणि डोकं बंद पडतं. माझंही सेम झालं होतं. मी काही प्रोफेशनल नाही हां, कोथरूडला राहतो, दिवसभर आयटी आणि रात्री जेवणं झाली की गिटार. सुरुवातीला एका क्लासला तीन महिन्यांची फी भरली, तिथे सरांनी सात मोड (म्हणजे एकाच सप्तकाच्या वेगवेगळ्या स्वरांपासून सुरू होणारे थाटासारखे प्रकार) पाठ करून घेतले, ते मी पाढ्यांसारखे घडाघडा म्हणायचो पण कोणी म्हटलं की काहीतरी वाजव तर हात गप्प.

त्यामुळे मोड-बिड सध्या बाजूला ठेवा आणि तीन कॉर्ड घ्या, तेही अर्धेच, म्हणजे प्रत्येकी तीनच स्वर. डी मायनर सेव्हन: पाचवी तार ५वा फ्रेट, चौथी तार ३रा, तिसरी तार ५वा. जी सेव्हन: सहावी तार ३रा, चौथी ३रा, तिसरी ४था. सी मेजर सेव्हन: पाचवी ३रा, चौथी २रा, तिसरी ४था. खालचा स्वर अंगठ्याने, वरचे दोन तर्जनी आणि मधल्या बोटाने, तिन्ही एकदम चिमटीत धरल्यासारखे. जी सेव्हनला मधली पाचवी तार सोडायचीय, पिकने सरळ झोडपलं तर ती मध्ये बोंबलणार, बोटांनी मात्र आरामात टाळता येते. फिंगरस्टाईलचा खरा फायदा मला इथे कळला.

आता बोटांकडे बघा. सी ला सा धरलं तर पहिल्या कॉर्डमधले वरचे दोन स्वर म आणि सा. दुसऱ्यात म जागेवरच, सा एक फ्रेट उतरून नी झाला. तिसऱ्यात नी जागेवर आणि म उतरून ग झाला. बस, वरच्या दोघांत एका वेळी एकच स्वर एक घर सरकतोय. या तीन कॉर्डच्या क्रमाला टू फाइव्ह वन म्हणतात (सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड), आणि जॅझची कितीतरी गाणी त्यावरच फिरतात. मला हे समजलं त्या रात्री मी तासभर तेवढंच वाजवत बसलो, बायको आतून म्हणाली अहो पुढचं येत नाही का.

पुढचं म्हणजे अंगठा. डी मायनर वरून जी वर जाताना अंगठ्याने रे, सा, नी, कोमल ध असं उतरा, म्हणजे पाचव्या तारेवर ५, ३, २ आणि मग सहावीवर ४, आणि समेला ३ऱ्या फ्रेटवर पंचम. हाच वॉकिंग बेस. मेट्रोनोम ५० वर लावा पण त्याची टिकटिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा, पहिली नाही. आपल्याला समेवर मान हलवायची सवय, त्यामुळे आठवडाभर वैताग येतो, येऊ द्या. ऐकायला जॅझ गिटारिस्ट जो पासचा १९७३चा अल्बम 'व्हर्चुओसो', एकटा माणूस आणि एक गिटार. दुसरा जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरी तर सगळं अंगठ्यानेच वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती सवय लागली अशी गोष्ट सांगतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हा माणूस लगेच आपला वाटतो.

फ्यूजन गोंगाट वाटतो कारण तुम्ही त्यात चाल शोधताय. १९६९ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 'बिचेस ब्रू' हा अल्बम रेकॉर्ड केला तेव्हा इलेक्ट्रिक पियानो, रॉकचा ठेका आणि एकाच कॉर्डवर लांबच लांब इम्प्रोव्हायझेशन असा मामला होता, कॉर्ड बदलतच नाहीत तर टू फाइव्ह वन कुठून सापडणार. तिथे चाल नाही, लय धरायची. त्यात गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन होता, पुढे त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला, त्यांचं 'बर्ड्स ऑफ फायर' १८ मात्रांत आहे, बोटांवर मोजत ऐका, गोंगाट आपोआप कमी होतो.

खरं तर आपल्याला उलट्या बाजूने शिरणं सोपं. शक्ती हा बँड ऐका आधी: तोच मॅक्लॉफ्लिन, पण सोबत तबल्यावर झाकीर हुसेन, एल. शंकरचं व्हायोलिन आणि विक्कू विनायकरामचा घटम. मॅक्लॉफ्लिनच्या गिटारवर नेहमीच्या तारांखालून आडव्या वेगळ्या तारा लावल्या होत्या, तानपुऱ्यासारख्या झणकारायला, आणि फ्रेटबोर्ड खोलगट कोरलेला, म्हणजे तार दाबून मींड काढता येते. सवाईला बसून तिहाई कुठे येणार याचा अंदाज बांधत असाल तर इथे तेच करायचंय. मग महाविष्णू, मग माइल्स. मी आधी माइल्सपासून सुरुवात केली आणि वर्षभर काहीच कळलं नाही.

क्लासचं विचारलंत, तर लावा, पण डेमोला आधी ते तीन कॉर्ड वाजवून दाखवा आणि विचारा यावर कुठलं गाणं बसवू. सरांनी गिटार हातात घेतली तर फी भरा, मोडची झेरॉक्स काढली तर बाहेर चहा पिऊन घरी या.