वाचकांचे प्रश्न : कबड्डीच्या मैदानावर ढेमसा

प्रश्न : झरी-जामणी तालुक्यातील आमच्या गावात कापसाचा पहिला वेचा उरकला की दरवर्षी कबड्डीचे सामने भरतात. यंदा आमच्या संघातील मुलांनी न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा ‘हाका’ हा तेथील मूळ रहिवासी माओरींचा नाच मोबाइलवर पाहिला आणि सामन्याआधी आपणही तो करायचा असे ठरवले. गावातील गोंड आणि कोलाम समाजाचे ज्येष्ठ म्हणतात की नाचायचेच असेल तर आपला ढेमसा नाचा; काही पालकांना मात्र खेळाच्या मैदानावर नाच मुळातच नको आहे. आम्ही काय करावे?
– एक शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे योग्य आहे, आणि ते योग्य का, हे हाकाच्याच इतिहासावरून मुलांना समजावून सांगता येईल. मुलांनी पाहिलेला हाका बहुधा ‘का माते’ असावा. तो सुमारे 1820 च्या काळात न्गाती तोआ या माओरी जमातीचा प्रमुख ते राउपाराहा याने रचला. पाठलाग करणाऱ्या शत्रूंपासून लपून बसलेला माणूस जिवंत बाहेर आल्याचा आनंद त्यात आहे. न्यूझीलंडचा एक संघ, ज्यात बहुसंख्य खेळाडू माओरी होते, 1888-89 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, तेव्हापासून रग्बीच्या मैदानावर हाका दिसू लागला. पुढे अनेक दशके राष्ट्रीय संघ तो प्रामुख्याने परदेशातील सामन्यांतच करीत असे, आणि त्या काळातील कित्येक सादरीकरणांत ना हातांची एकवाक्यता होती, ना शब्दांची जाण. 1980 च्या दशकात बक शेल्फर्ड आणि हिका रीड या माओरी खेळाडूंनी आग्रह धरला की करायचा असेल तर नीट शिकून करू, नाहीतर करूच नये. खेळाडू हालचालींबरोबर अर्थही शिकले, आणि 1987 च्या विश्वचषकापासून मायदेशातील सामन्यांतही हाका रूढ झाला. 2014 मध्ये तेथील संसदेने कायदाच केला, ज्यानुसार ‘का माते’चा व्यावसायिक वापर करताना ते राउपाराहा आणि न्गाती तोआ यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे.

यातून आपल्या मुलांनी घ्यायचे ते इतकेच : ज्याचा नाच आहे त्याला विचारावे, तो त्याच्याकडून शिकावा, आणि करताना त्याचे नाव सांगावे. पांढरकवड्याच्या किंवा झरीच्या मुलाला न्यूझीलंडला जाऊन हे करणे शक्य नाही. पण ढेमशाच्या बाबतीत ते गावातल्या गावात, एका संध्याकाळी होऊ शकते. न्यूझीलंडच्या शेजारच्या टोंगा, सामोआ आणि फिजी या देशांनीही रग्बीसाठी हाकाची नक्कल केली नाही. सिपी ताऊ, सिवा ताऊ आणि थिंबी हे त्यांचे स्वतःचे प्रकार आहेत आणि त्यांचे संघ तेच करतात.

ढेमसा मैदानावर शोभतो, याला आणखी एक कारण आहे आणि ते कबड्डी खेळणाऱ्यालाच चटकन कळेल. ढेमशात नाचणारे एकमेकांच्या कमरेला किंवा खांद्याला धरून वर्तुळ करतात, ढोल-सनईच्या ठेक्यावर सगळ्यांची पावले एकदम बाजूला पडतात, आणि एकाचे पाऊल चुकले तर त्याचा हिसका दोन्ही बाजूंच्या गड्यांना बसतो. बचाव करणारे सात खेळाडू हातात हात गुंफून साखळी धरतात, तेव्हा नेमके हेच घडत असते. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो त्या क्षणी कोपऱ्यातील खेळाडू पुढे झेपावला आणि त्याचा जोडीदार जागीच राहिला, तर साखळी तुटते आणि गुण जातो. शेजारच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, हे त्याच्याकडे न पाहता हाताच्या ताणावरून ओळखण्याची सवय ढेमसा नाचणाऱ्या मुलाला लहानपणापासून असते. ढेमसा नाचल्याने सामना जिंकता येतो, असे मी म्हणत नाही. पण पालकांची शंका नाच आणि खेळ हे परस्परांचे वैरी आहेत या समजुतीतून आली असेल, तर ती समजूत दूर व्हायला हवी. आपल्याच विदर्भातील, 1914 मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगापुढे केले होते. आपल्या मातीतले परक्या मैदानावर मांडताना त्या मंडळींना संकोच वाटला नाही. मग स्वतःच्याच गावातील मैदानावर आपण का संकोचावे?

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी. सगळेच नाच मैदानासाठी नसतात. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचा टोप घालून घुसाडी नाचणारे गोंड बांधव त्या काळात व्रतस्थ असतात, आणि त्या टोपाचीही पूजा होते. संघाचा फोटो उठावदार यावा म्हणून तो टोप कोणाच्या डोक्यावर चढवणे सर्वथा अनुचित आहे. कोणता नाच सर्वांसमोर करायचा आणि कोणता नाही, याचा निर्णय ज्येष्ठांवर सोपवावा, आणि त्यांनी नाही म्हटले तर कारण न विचारता ते मान्य करावे. संघात गोंड-कोलाम नसलेली मुले असतील, तर त्यांनाही ज्येष्ठांच्या संमतीने वर्तुळात घ्यावे.

प्रतिस्पर्ध्यांचाही विचार हवा. 2011 च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हाकाला सामोरे जाताना फ्रान्सच्या खेळाडूंनी मध्यरेषा ओलांडली आणि त्यांना दंड झाला; 2019 च्या उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या बाबतीतही तेच घडले. तुमच्या पटांगणावर अशी वेळ येऊ नये, यासाठी पंचांशी आदल्या दिवशीच बोलून घ्यावे, नाच दोन-तीन मिनिटांत आटोपावा आणि समोरच्या संघाकडे रोखून हातवारे करू नयेत. समोरच्या गावातही ढेमसा नाचत असतील, तर दोन्ही संघांनी मिळून एकच वर्तुळ करावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा नृत्यप्रकार खेळ म्हणून होता, असे वाचले. मग आपल्या आदिवासी नृत्यांना खेळाची मान्यता मिळून मुलांना गुण का मिळू नयेत?
– एक पालक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1970 च्या दशकात जन्मलेल्या ब्रेकिंगमध्ये दोघांनी आमनेसामने येऊन एकमेकांवर मात करण्याची चुरस आधीपासूनच होती, म्हणून त्याला स्पर्धेच्या चौकटीत बसवणे तुलनेने सोपे गेले. तरीही तंत्र, मौलिकता, संगीताशी मेळ अशा निकषांवर परीक्षकांनी दिलेले निकाल अनेक प्रेक्षकांना समजले नाहीत, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. मेळघाटातील कोरकू आदिवासींच्या गदली-सुसून या नाचात कोणी कोणाला हरवत नाही. तिथे गुणपत्रिका आणली तर ‘चांगले’ म्हणजे काय हे परीक्षक ठरवणार, परीक्षकाला आवडेल तसे मुले नाचणार, आणि काही वर्षांत प्रत्येक गावाची वेगळी चाल पुसली जाणार. मला ही किंमत फार मोठी वाटते. मल्लखांब, गटका, थांग-ता आणि कलारीपयट्टू यांना पंचकुला येथे 2022 मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत स्थान मिळाले ते योग्यच होते, कारण त्यांत कसरत किंवा द्वंद्व मुळातच आहे. गुणांपुरते सांगायचे तर दहावीला लोककलेसाठी सवलतीच्या गुणांची वेगळी तरतूद राज्यात आहे. तिच्या अटी शाळेमार्फत शिक्षण मंडळाकडून समजून घ्याव्यात.

प्रश्न : तालुका क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनाला आमच्या मुली लेझीम करतात. पाहुणे येईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहतात आणि त्याच दुपारी त्यांचा खो-खोचा सामना असतो. हे योग्य आहे का?
– एक क्रीडाशिक्षिका, जि. भंडारा

उत्तर : अजिबात योग्य नाही, आणि आपण हे विचारले याबद्दल आपले आभार. लेझीम ही आखाड्यातून आलेली कवायत आहे. बैठक, उठाव, झुकणे आणि वळणे यांमुळे मांड्या, खांदे आणि श्वास यांना चांगला व्यायाम मिळतो, आणि 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या उद्घाटनात ती देशभराने पाहिली. खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटांची लेझीम मुलींचे अंग छान मोकळे करील. तासभर ताटकळल्यानंतरची लेझीम मात्र त्यांचे बळ सामन्याआधीच संपवील. आयोजकांना शाळेच्या पत्राने कळवावे की लेझीम ठरल्या वेळी सुरू होईल, पाहुणे आलेले असोत वा नसोत. तोपर्यंत मुली सावलीत बसतील, त्यांच्याजवळ पाणी असेल, आणि ज्यांचा सामना पहिल्या दोन तासांत आहे त्यांना पथकातून वगळले जाईल. पत्रावर मुख्याध्यापकांबरोबर पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीचीही सही घ्यावी आणि त्याची पोच जपून ठेवावी.