पाऊस आला की डिश बंद पडते. पुन्हा जुना अँटेना लावता येईल का?

तुम्ही विचारलंय की मानेवाड्याच्या तुमच्या घरी पावसाची सर आली की डिशचं चित्र जातं. बाबा म्हणतात जुना अँटेनाच बरा होता, आणि धाकटा भाऊ म्हणतो हे सगळं काढून इंटरनेटवरच पाहू. मी १९८६ पासून नागपूरच्या गच्च्यांवर हेच काम केलं आहे. आधी अँटेना, मग केबल, मग डिश. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर देतो. डिश काढू नका. तुमची डिश पावसात बंद पडत असली तरी ती बिघडली आहे उन्हाळ्यात.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. एवढ्या लांबून निघालेली लहर शेवटच्या पाच-सहा किलोमीटरपर्यंत जवळपास सुखरूप येते. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याचे थेंब साधारण ५ किलोमीटर उंचीपासून खाली असतात, आणि मार खायचा तो तिथेच. घरगुती डिश ज्या लहरी पकडते त्यांना केयू बँड म्हणतात. त्यांची लांबी असते जेमतेम अडीच सेंटीमीटर. पावसाचा मोठा थेंब काही मिलिमीटरचा. आकारात हा फरक फार नाही, म्हणून थेंब ती लहर शोषतो आणि इकडेतिकडे विखुरतो. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या सी बँडवर चालतात, तिथे लहर साडेसात सेंटीमीटरची, तिला पाऊस फारसा अडवत नाही. जुन्या अँटेनाच्या लहरी तर मीटरमध्ये मोजायच्या. त्यांना पावसाचा पत्ताही लागत नसे. तुमच्या बाबांचं म्हणणं इथवर शंभर टक्के खरं आहे.

पण पावसात ताकद कमी होणार हे धरूनच डिशचा आकार ठरवलेला असतो. कोरड्या हवेत सिग्नल गरजेपेक्षा बराच जास्त येतो. ही शिल्लक पावसाळ्यासाठी ठेवलेली असते. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर ते कोणाच्याही घरी जातं, त्यावर इलाज नाही. मात्र साध्या रिमझिमीत जात असेल तर ती शिल्लक आधीच कुठेतरी खर्च झालेली आहे.

ती कुठे खर्च होते, हे मी इतक्या गच्च्यांवर पाहिलंय की डोळे मिटून सांगेन. दोन फुटी डिशची नजर साधारण ३ अंश रुंद असते. डिश १ अंश सरकली की जवळपास पाव ताकद गेली. आणि आपल्याकडे ती सरकते एप्रिल-मे मध्ये. कुरड्या, पापड, वड्या वाळत घालायच्या म्हणून चादरीची दोरी डिशच्या खांबाला बांधतात. कूलर गच्चीवर चढवताना धक्का लागतो. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आसपास संध्याकाळी जे धुळीचं वादळ सुटतं ते सैल झालेले नटबोल्ट आणखी ढिले करतं. एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर सिग्नल घेणाऱ्या डबीच्या, तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हाने तडकतं, वायरची वरची साल फुटते. हे सगळं घडत असताना टीव्हीवर चित्र आरशासारखं लख्ख असतं, कारण आभाळ कोरडं असतं. मग मृग लागतो, पहिला पाऊस पडतो, आणि लोक पावसाला बोल लावतात.

पडद्यावर ठिपक्यांच्या मुंग्या दिसायच्या त्या जमान्यात असं होत नसे. ॲनालॉग सिग्नल कमी झाला की आधी थोड्या मुंग्या यायच्या, मग जास्त, मग आवाज खरखरायचा. आठवडाभर आधी घरच्यांना कळायचं की अँटेना फिरलाय. डिजिटल सिग्नलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते. ती सोय पुरेपर्यंत चित्र निर्दोष दिसतं. ती अपुरी पडली की चौकोन चौकोन होतात आणि क्षणात पडदा काळा. मधली पायरीच नाही. माझ्या मते लोकांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. यंत्र आजारी असल्याचं कोणाला दिसतच नाही.

बाबांच्या आठवणीतला अँटेना मलाही फार जवळचा आहे. तेव्हा दूरदर्शनचा मनोरा सेमिनरी हिल्सवर, म्हणून अख्ख्या शहराचे अँटेना त्या टेकडीकडे तोंड करून उभे असायचे. महालातले वायव्येकडे, वाडीचे पूर्वेकडे, कामठीचे नैऋत्येकडे. अनोळखी मोहल्ल्यात शिरलो तरी अँटेना पाहून दिशा कळायची. ३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर भारत-न्यूझीलंड विश्वचषकाचा सामना होता. मी महालात एका काकाजींच्या गच्चीवर पाइप धरून उभा होतो, कारण सोडला की चित्र जायचं. चेतन शर्माने एकामागोमाग तीन गडी त्रिफळाचित केले, विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक, आणि मला ती खालच्या खोलीतून आलेल्या तीन आरोळ्यांवरून कळली. पुढे सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक केलं, तेव्हा काकाजींनी पाइपला वीट लावली आणि मला खाली बोलावलं. "ये ना जी, आता थांबते तो," म्हणाले. ते शतक मी त्यांच्या सतरंजीवर बसून पाहिलं.

पण तो अँटेना आज लावून काही मिळणार नाही. प्रसार भारतीने २०२१-२२ पर्यंत देशातले जवळपास सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. बाबांना हे नीट समजावून सांगा. अँटेनात दोष नव्हता, त्याच्यासाठी टेकडीवरून येणारी लहरच आता थांबली आहे.

मधल्या केबलच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. १९९१-९२ मध्ये स्टार आणि झी ज्या एशियासॅट-१ उपग्रहावरून आपल्याकडे आले, तो उपग्रह खरं तर एकदा वाया गेलेला होता. १९८४ च्या फेब्रुवारीत वेस्टार-६ या नावाने सोडला, मोटर नीट पेटली नाही म्हणून चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला, मग दुरुस्त होऊन १९९० मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला. मी जाळीची पहिली मोठी छत्री आग्नेयेकडे फिरवली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला याहून मोठी गोष्ट कोणती असणार!

केबलमध्ये पावसाचा त्रास कमी होता, पण झाडाझाडावरून नेलेल्या वायरीत दर काही घरांवर ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर चित्रासोबत खरखरही वाढवायचा. ओळीतल्या शेवटच्या घराच्या वाट्याला सगळ्यात घाण चित्र. २०१३ मध्ये केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात नागपुरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा ते संपलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. रिमोटवर मेनूत जाऊन सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतील, ताकद आणि गुणवत्ता. ताकदीकडे पाहून फसू नका. खराब वायरवरही ती पट्टी भरलेली दिसू शकते. गुणवत्तेचा आकडा कोरड्या दिवशी लिहून ठेवा. कोणी गच्चीवर गेला तर त्याला तोच आकडा वाढवायला सांगा, "चित्र आलं, झालं काम" यावर सोडू नका. माझ्या स्वतःच्या बहिणीकडे एका कंपनीचा फिटर दहा मिनिटांत डिश लावून गेला. चित्र आलं म्हणून सही घेतली. खांब ओळंब्यात नव्हता, बोल्ट हाताने आवळलेले होते. त्या पावसाळ्यात जावईबापूंनी तीन वेळा तक्रार केली, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच, पावसात असंच होतं. मी जाऊन खांब सरळ केला, डिश अंशभर वर घेतली, आणि त्यानंतर फक्त ढगफुटीसारख्या पावसात चित्र गेलं. तुमच्या तक्रारीवरही हेच उत्तर मिळालं असेल तर ते मान्य करू नका.

डिशपाशी गेलात की आधी जोडणीचं टोक पाहा. एलएनबीला वायर जिथे पेचात बसते तिथे पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं. ते टोक कापून नवा कनेक्टर लावायचा, वरून रबरी टेप गुंडाळायचा. वायरला एलएनबीच्या खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकेल, कनेक्टरमध्ये किंवा भिंतीच्या भोकातून घरात जाणार नाही. एवढ्याशा झोलाने किती घरांचे बॉक्स वाचले आहेत! आणि सगळ्या वाहिन्या न जाता ठरावीकच जात असतील तर पावसाचा विचारही करू नका. बॉक्स वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला उभ्या की आडव्या लहरी घ्यायच्या ते सांगतो. वायर सडलेली असली की १८ व्होल्ट वर पोचत नाहीत आणि वाहिन्यांचा अर्धा गठ्ठा गायब होतो.

मग झाड. नागपूरहून पाहिलं तर फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या डिश सेवेचा, जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आग्नेय दिशेला, जमिनीपासून साधारण ६० अंश वर. बाकी कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत, ८३ अंशांवरचा तर जवळपास दक्षिणेलाच, ६५ अंश वर. कोन इतका उभा असल्यामुळे शेजारच्या इमारतीची फार भीती नको. समोरची भिंत डिशपासून १० फुटांवर असेल तर ती डिशपेक्षा १५ फूट उंच असली तरी चालते. पण कडुनिंबाची फांदी चार वर्षांत कुठल्या कुठे जाते, आणि ओली पानं कोरड्या पानांपेक्षा कितीतरी जास्त अडवतात. रिमझिमीतच जात असेल तर हे आधी बघा.

अजून एक. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला स्वच्छ उन्हात काही दिवस ठरावीक वेळी, सकाळी अकरा ते दुपारी बाराच्या मागेपुढे, काही मिनिटं चित्र गेलं तर कोणालाही बोलावू नका. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये भरतो. आपोआप थांबतं.

भावाचं इंटरनेटचं म्हणणं चुकीचं नाही. फायबरमध्ये प्रकाश धावतो, त्याला पावसाचं काही नाही. पण घरापर्यंत येणारी तार खांबांवरूनच येते आणि वादळात फांदीसोबत तीही खाली येते. सिमेंट रस्त्यांच्या खोदकामात ती तुटली की दोन-दोन दिवस वाट पाहावी लागते, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. लाइट गेली की राउटर बंद, म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या. शिवाय सामना डिशपेक्षाही मागे चालतो, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. शेजारच्या घरातून ओरडा आला की आपला फलंदाज बाद होणार हे बाबांना आधीच कळणार. आयुष्यभर सामने पाहिलेल्या माणसाला हे फार लागतं, मी पाहिलंय.

म्हणून मी असं करीन. आहे ती डिश नीट बसवून घ्या. भावाला मोबाइलवर आणि त्याच्या खोलीत इंटरनेटवर पाहू द्या. पैसे वाचवायचे असतील तर बाबांसाठी फ्री डिशचा बॉक्स घ्या, एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही, आणि त्यांची सह्याद्री वाहिनी त्यावर येते. मात्र तुमची आताची सेवा दुसऱ्या उपग्रहावरची असेल तर त्यासाठी वेगळी डिश लागेल, जुनीवरच चालेल असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. बाबांना तीन रिमोट देऊ नका. बटण दाबलं की चित्र आलं पाहिजे, ही सवय त्यांना अँटेनाने लावली आहे आणि ती मागणी अगदी रास्त आहे.

डिश कुठल्या सेवेची आहे आणि कोरड्या दिवशी गुणवत्तेचा आकडा किती येतो, तेवढं लिहा. मानेवाड्याहून नेमका कोन किती ठेवायचा ते मी काढून देतो.